इस्राएल लोकांचीं उच्च स्थानें
(ज्युबिलीच्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें देऊळ कसें उभें राहिलें, पैसा कोणीं दिला, पहिली घंटा केव्हां वाजली, हें सांगावें अशी रीत आहे. तें काम ह्याच पुस्तकांत इतरांनीं आमच्याहून अधिक अधिकारानें केलें आहे. आम्हीं निवडलेला विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. परंतु देवाचें स्थान घराजवळ असावें कीं दूर, एक असावें कीं अनेक, हा प्रश्न ज्या लोकांनीं फार जुन्या काळीं व फार मोठी किंमत देऊन सोडविला, त्यांची ही हकीकत आहे. आणि ज्युबिली साजरी करणाऱ्या धर्मग्रामाला ती अगदींच परकी वाटूं नये.

जुन्या करारांतील राजांचीं पुस्तकें वाचतांना एक पालुपद वारंवार आढळतें. अमुक राजा परमेश्वराच्या दृष्टीनें नीट वागला, पण उच्च स्थानें कांहीं त्यानें काढून टाकलीं नाहींत, अशा आशयाची नोंद ग्रंथकार आसा, यहोशाफाट, योवाश, अमस्या, अजऱ्या व योथाम ह्या सहा भल्या राजांच्या नांवापुढें करून ठेवतो. हें ऐकून आपली सहज समजूत होते कीं उच्च स्थान म्हणजे मूर्तिपूजेचा अड्डा. पण त्याच पवित्र शास्त्रांत शमुवेलासारखा पुण्यपुरुष उच्च स्थानावर जाऊन यज्ञाला आशीर्वाद देतो, आणि शलमोनाला ज्ञानाचें वरदान मिळतें तेंहि एका उच्च स्थानावरच. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा?

प्रथम हीं स्थानें कशीं होतीं तें पाहूं. नागपूरकरांस डोंगरावरील देवस्थानाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. उत्तरेकडे सुमारें पन्नास किलोमीटर गेलें कीं सपाट मुलखांतून रामटेकची टेकडी एकाएकीं वर आलेली दिसते. पांचव्या शतकांत वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिनें दिलेला एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून, म्हणजे ह्याच टेकडीवरून, दिलेला आहे; तिच्या काळचीं नरसिंहाचीं मंदिरें अजून तेथें उभीं आहेत. राजवटी बदलल्या, भाषा बदलली, तरी लोकांनीं टेकडी चढणें सोडलें नाहीं. शेतकरी सबंध वर्ष जमिनीकडे पाहून काम करतो. ज्या दिवशीं त्याला देवाशीं बोलावयाचें असतें त्या दिवशीं तो मान वर करतो व चढण चढूं लागतो. कनान देशांतील डोंगराळ मुलखांत राहणाऱ्या इस्राएल शेतकऱ्याचेंहि असेंच होतें. साम्य येथपर्यंतच आहे, तें ह्याहून पुढें आम्ही ताणीत नाहीं.

इब्री भाषेंतील मूळ शब्द ‘बामा’, अनेकवचनीं ‘बामोथ’. त्याचा एक अर्थ पाठ किंवा डोंगराचा कणा असा होतो. संत जेरोम ह्यांनीं लॅटिन भाषांतरांत ‘एक्सेल्सा’ म्हणजे उंच जागा हा शब्द योजिला व तोच अर्थ आपल्याकडे ‘उच्च स्थान’ म्हणून आला. तरी प्रत्येक बामा डोंगरावरच होता असें मात्र नाहीं. कांहीं नगरांत होते, कांहीं वेशीजवळ, आणि सर्वांत बदनाम झालेला तोफेथचा बामा तर यरुशलेमेखालच्या हिन्नोमाच्या खोऱ्यांत होता. शब्द केवळ इस्राएलांचाहि नव्हता. १८६८ सालीं मृतसमुद्राच्या पूर्वेस धीबान येथें मवाबाचा राजा मेशा ह्याचा शिलालेख सांपडला. आपला देव कमोश ह्याच्यासाठीं आपण एक बामा बांधला असें तो राजा त्यांत अभिमानानें सांगतो. शेजारपाजारच्या सर्व लोकांत ही चाल होती, आणि पुढें जो तंटा माजला त्याचें मूळहि येथेंच आहे.

अशा स्थानीं काय असे? एक वेदी, पुष्कळदां एक उभा दगड, जवळ एखादा जुना एला किंवा ओक वृक्ष, आणि स्थान मोठें असल्यास यज्ञानंतर पंगत बसण्यासाठीं एक दालन. निर्गमाच्या पुस्तकांत वेदीचा जुना नियम दिला आहे. वेदी मातीची असावी; दगडाची केल्यास तो घडीव नसावा, त्याला हत्यार लागूं नये, आणि वेदीला पायऱ्या असूं नयेत. हा नियम गरीब गांवकऱ्याला झेपेल असा आहे. सोनार नको, पाथरवट नको. शेतांतले धोंडे रचले कीं वेदी झाली. त्याच ठिकाणीं परमेश्वर असेंहि आश्वासन देतो कीं जेथें जेथें तो आपल्या नामाचें स्मरण करवील तेथें तेथें येऊन तो आशीर्वाद देईल. एकाच जागेचा आग्रह त्यांत नाहीं.

एका उच्च स्थानावरचा एक दिवस शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत इतक्या बारकाईनें आला आहे कीं तो सविस्तर सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कीश नांवाच्या गृहस्थाच्या गाढवी हरवल्या. त्यानें मुलगा शौल व एक चाकर ह्यांना शोधावयास पाठविलें. दोघे रानोमाळ भटकले, शिदोरी संपली, शेवटीं सूफ प्रांतांत आल्यावर चाकराला आठवलें कीं ह्या गांवीं एक देवमाणूस राहतो. रित्या हातानें त्याच्याकडे जावें कसें, ही शौलाला पंचाईत पडली. तेव्हां चाकरानें आपल्या कनवटीचें पाव शेकेल रुपें काढून दाखविलें. गांवाची चढण चढतांना पाण्यास निघालेल्या मुली भेटल्या. त्यांना विचारतांच त्यांनीं एका दमांत सगळें सांगून टाकलें: द्रष्टा आत्तांच आला आहे, आज वर लोकांचा यज्ञ आहे, तो वर जेवावयास जाण्याआधीं त्याला गांठा, कारण तो आल्याशिवाय व त्यानें यज्ञाला आशीर्वाद दिल्याशिवाय कोणी घास घेणार नाहीं.

पुढें काय झालें? वरच्या दालनांत सुमारें तीस पाहुणे बसले होते. शमुवेलानें ह्या अनोळखी तरुणाला पंगतीच्या अग्रभागीं बसविलें व स्वयंपाक्याला सांगून राखून ठेवलेली मांडी त्याच्यापुढें वाढविली. दुसऱ्या दिवशीं पहांटे शौलाला इस्राएलाचा पहिला राजा म्हणून अभिषेक झाला. त्याला वाटेंत उच्च स्थानावरून उतरणारा संदेष्ट्यांचा मेळा भेटला. त्यांच्यापुढें वीणा, डफ व पांवा वाजत होता.

ह्या साऱ्या प्रकरणांत निषेधाचा एक शब्द नाहीं. आपल्या ओळखीचें मात्र पुष्कळ आहे. आशीर्वाद होईपर्यंत जेवणाला हात न लावणें, मानाचें ताट, वाद्यें, पाहुण्याची व्यवस्था, आणि कोण आलें, कोठें आहे, केव्हां निघणार ह्याची बित्तंबातमी ठेवणाऱ्या पाण्यावरच्या बायका! गांव आपल्या देवासमोर एकत्र बसून जेवत होतें. त्या काळीं पाळींव जनावर मारणें हेंच बहुतांशीं यज्ञकर्म होतें. मांस खावयाचें तें वेदीसमोर व सर्वांनीं मिळून. उच्च स्थान ही त्या गांवाची वेदी, पंगत व चावडी ह्या तिन्ही होत्या.

शलमोनाची गोष्ट परिचित आहे. मंदिर बांधण्यापूर्वीं तो गिबोनास गेला, कारण तें सर्वांत मोठें उच्च स्थान होतें. तेथें त्यानें हजार होमबली अर्पिले व रात्रीं स्वप्नांत देवापाशीं संपत्ति न मागतां न्याय करण्याची बुद्धि मागितली. ग्रंथकार एवढीच मखलाशी करतो कीं तोंवर परमेश्वराच्या नामासाठीं मंदिर बांधलें नव्हतें.

मंदिर झाल्यावरहि पुढें एक शतक लोटतें आणि संदेष्टा एलिया कर्मेल डोंगरावर उभा राहतो. बाआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांशीं त्याचा सामना आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. एक गोष्ट मात्र बहुधा निसटते. त्या डोंगरावर परमेश्वराची वेदी पूर्वींच होती, ती मोडून पडली होती, आणि एलियानें बारा धोंडे घेऊन ती पुनः रचिली. पुढें होरेब डोंगरावर तो देवाजवळ रडून सांगतो तेव्हां संदेष्ट्यांच्या कत्तलीच्या जोडीनें वेद्या पाडल्याचेंहि दुःख तो बोलून दाखवितो. ह्या सर्व वेद्या यरुशलेमेबाहेरच्या होत्या. त्या पाडणें हा एलियाच्या लेखीं अपराध होता. आणि ह्यानंतर अडीचशें वर्षांच्या आंत एका धर्मनिष्ठ राजानें तशाच वेद्या पाडणें हें पुण्यकृत्य ठरलें!

असें कां झालें? उच्च स्थानांना दोष देणाऱ्या संदेष्ट्यांना कारणें पुरेशीं होतीं. डोंगर, झाड, उभा दगड हीं कनानी लोकांचींहि पूजासाधनें होतीं. एकाच टेकडीवर आज परमेश्वराचें नांव व उद्यां बाआलाचें, अशी सरमिसळ होण्यास वेळ लागत नसे. डोंगरमाथ्यावर व झाडाखालीं सांवली छान असते म्हणून तुम्ही तेथें यज्ञ करतां, असा उपरोध होशेयानें केला आहे. यराबाम राजानें राज्य फुटल्यावर प्रजा यरुशलेमेस जाऊं नये म्हणून बेथेल व दान येथें सोन्याचीं वासरें बसविलीं. तेथें भक्तीपेक्षां राजकारण अधिक होतें. हिन्नोमाच्या खोऱ्यांत तर पोटचीं मुलें अग्नींत घातल्याचें यिर्मया सांगतो. त्याबद्दल दुमत होण्याचा प्रश्नच नाहीं.

गेल्या शंभर वर्षांतील उत्खननांनीं ह्या चित्रांत बरीच भर घातली आहे. शोमरोनाच्या उत्तर डोंगरांत एका कड्यावर दगडांचें वर्तुळ व एक उभी शिळा सांपडली आणि तेथेंच सुमारें १८ सेंटिमीटर लांबीचा कांशाचा एक बैल. हें स्थान ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकांतील, म्हणजे शास्त्यांच्या काळांतील, मानतात. दान येथें १९६६ पासून अव्राहाम बिरान ह्यांनीं खणून मोठा चौथरा, पायऱ्या व वेदीचीं अवशिष्टें उजेडांत आणलीं. सीनायच्या वाळवंटांत कुंतिल्लेत अज्रूद येथें १९७५-७६ सालीं रांजणांवर शाईनें लिहिलेले आशीर्वाद मिळाले. त्यांत परमेश्वराच्या नांवाबरोबर ‘त्याची अशेरा’ असा उल्लेख आहे. अशेरा म्हणजे देवी कीं लांकडाचा पवित्र स्तंभ, ह्याबद्दल विद्वानांत वाद आहे. संदेष्टे कशाविरुद्ध ओरडत होते ह्याचा पुरावा मात्र तेथें त्या काळच्याच हस्ताक्षरांत मिळतो. आणि २०१२ सालीं यरुशलेमेच्या मंदिरापासून सात किलोमीटरांच्याहि आंत, मोत्सा येथें, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील एक सबंध मंदिर निघालें. राजाच्या डोळ्यांदेखत तें चालू होतें असें म्हणावें लागतें.

ह्या सर्वांत आमचें मन वेधणारीं स्थळें दोन. पहिलें अराद. दक्षिणेकडील रखरखीत मुलखांत यहूदाच्या राजांचा एक लहान किल्ला होता. १९६० नंतरच्या दशकांत योहानान अहारोनी ह्यांनीं तेथें खणलें तेव्हां किल्ल्याच्या आंत एक मंदिर सांपडलें. अंगणांत मातीची व अनघड दगडांची वेदी, बरोबर निर्गमांतल्या नियमाप्रमाणें. आंत गाभारा, आणि गाभाऱ्याच्या दाराशीं धुपाच्या दोन दगडी वेद्या. २०२० सालीं ह्या वेद्यांवरील काळ्या थराचें रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झालें. एकीवर जनावराच्या चरबींत मिसळलेला ऊद होता. दुसरीवर शेणांत मिसळून जाळलेला गांजा. कित्येकांस हें ऐकून धक्का बसेल, पण पुरावा आहे तो आहे. आम्हांस त्याहून बोलका वाटतो तो दुसराच तपशील: ह्या दोन्ही वेद्या कोणी फोडल्या नव्हत्या. त्या आडव्या निजवून मातीखालीं पुरल्या होत्या. राजाज्ञेनें मंदिर बंद करावें लागलें असेल. पण ज्या हातांनीं तें बंद केलें त्यांना घण घालवला नाहीं असें दिसतें.

दुसरें स्थळ बैर-शेबा. तेथें वेदी जागेवर सांपडलीच नाहीं. १९७३ सालीं एका कोठाराच्या भिंतींत सुटे दगड ओळखूं आले. ते जुळविल्यावर चार शिंगांची मोठी वेदी तयार झाली. एका दगडावर सापाची आकृति कोरलेली आहे. ज्या वेदीच्या शिंगांना धरून अपराधीसुद्धां अभय मागे, तिचे दगड भिंतींत चिणले गेले आणि कोठारांत येणाऱ्यांना ते रोज दिसत राहिले. हें काम हिज्कीया राजाच्या सुधारणेंतलें असावें असें पुष्कळ विद्वान मानतात, जरी सर्व नव्हे.

हिज्कीयानें ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस उच्च स्थानें काढून टाकलीं, स्तंभ फोडले, आणि मोशेनें केलेला पितळी सर्पहि, लोक त्याला धूप दाखवूं लागले म्हणून, चूर करून टाकला. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्यें अश्शूरी सैन्य यहूदावर चालून आलें. यरुशलेमेच्या तटाखालीं उभें राहून अश्शूरी सरदारानें, तटावरील साध्या लोकांस समजावें म्हणून मुद्दाम त्यांच्या भाषेंत, भाषण केलें. त्यांत त्यानें एक विषारी प्रश्न टाकला: ज्या देवाचा तुम्ही भरंवसा धरतां, त्याचींच स्थानें व वेद्या ह्या हिज्कीयानें मोडल्या ना? शत्रूला बातमी नीट होती. गांवोगांवच्या लोकांच्या मनांत जी जखम होती तिच्यावरच त्यानें बोट ठेवलें. तटावरच्या लोकांनीं उत्तर दिलें नाहीं. राजाचा तसा हुकूम होता. पण आपापल्या मनांत कित्येकांना हा प्रश्न आधींच पडला असेल, असें आम्हांस वाटतें.

हिज्कीयाच्या मुलानें तीं स्थानें पुनः बांधलीं, आणि ख्रिस्तपूर्व ६२२ मध्यें योशीयानें तीं कायमचीं मोडलीं. मंदिराच्या दुरुस्तींत नियमशास्त्राचें पुस्तक सांपडलें. तें वाचतांच राजानें वस्त्रें फाडलीं आणि गेबापासून बैर-शेबापर्यंत झाडून सारीं उच्च स्थानें भ्रष्ट केलीं. उत्तरेंत शोमरोनाच्या नगरांतील उच्च स्थानांच्या पुरोहितांना तर त्यानें त्यांच्याच वेद्यांवर मारलें. शास्त्र हें लपवीत नाहीं व आम्हीहि लपवीत नाहीं. यहूदांतील गांवच्या पुरोहितांना यरुशलेमेस आणिलें. आतां, अनुवादाच्या पुस्तकांत स्पष्ट सांगितलें आहे कीं गांवाकडचा लेवी यरुशलेमेस आला तर त्याला इतर भावांप्रमाणेंच सेवा करूं द्यावी व वांटाहि समान द्यावा. राजांच्या पुस्तकांत मात्र आढळतें कीं उच्च स्थानांचे हे पुरोहित वेदीपाशीं चढले नाहींत; भावांमध्यें बसून त्यांनीं बेखमीर भाकर खाल्ली, इतकेंच. पोटाची सोय झाली, पण ज्यासाठीं हात अभिषिक्त झाले होते तें काम गेलें. शास्त्रांतील हें एक लहानसें वाक्य आहे. बाप, आजा, पणजा ज्या टेकडीवर वेदीपुढें उभे राहिले ती सोडून राजधानींत परक्या पंक्तींत बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या पुरोहितांचें काय झालें असेल ह्याचा विचार वाचकानें स्वतःच करावयाचा आहे. यिर्मया संदेष्टा अशाच एका गांवच्या, अनाथोथच्या, पुरोहितकुळांतला. त्याच्या गांवकऱ्यांनींच त्याच्या जिवावर कट केला. त्यानें ह्या सुधारणेची बाजू घेतली हें त्यांच्या रागाचें कारण असावें असा कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे.

गांवकऱ्यांच्या वाट्यास काय आलें तेंहि अनुवादावरून कळतें. वेदी दूर गेली, तेव्हां मांस खावयाचें कसें? आज्ञा झाली कीं आपल्या गांवांतच जनावर मारावें, रक्त पाण्यासारखें जमिनीवर ओतावें, व शुद्ध-अशुद्ध सर्वांनीं खावें. दशमांश नेण्यास वाट फार लांब असेल तर धान्य व गुरें विकून पैसा गांठीस बांधावा आणि देवानें निवडलेल्या स्थानीं जाऊन हवें तें विकत घ्यावें. सोय उत्तम! पण ह्या दोन ओळींनीं केवढी उलथापालथ झाली पाहा. काल जें जेवण वेदीसमोरची पंगत होती तें आज घरचें जेवण झालें. काल जें गोठ्यांतलें कोंकरूं होतें तें आज गांठीचें नाणें झालें. गांवांत वर्षाचे बहुतेक दिवस देवासमोर एकत्र बसण्यास जागा उरली नाहीं. म्हणूनच कीं काय, तें पुस्तक पुनःपुन्हां बजावतें कीं विधवा, अनाथ व परदेशी ह्यांच्याबरोबर तुझ्या वेशींतल्या लेव्यालाहि विसरूं नको. तो लेवी आतां भिक्षेकऱ्यांच्या यादींत जाऊन बसला होता.

इतकें सांगूनहि आमचें मत असें कीं ती सुधारणा झाली नसती तर इस्राएलाचा धर्म टिकता ना. पस्तीस वर्षांनीं बाबेलच्या राजानें यरुशलेमेचें मंदिरच जाळलें. ज्यांचा देव टेकडीटेकडीला वांटलेला होता अशीं शेजारचीं राष्ट्रें हद्दपारींत विरघळून गेलीं. मवाबाच्या कमोशाची आज कोण पूजा करतो? देव एक, नियम एक, स्थान एक, हें ज्यांच्या मनावर कठोरपणें बिंबविलें गेलें होतें ते बाबेलांतहि एक राहिले, आणि वेदीवांचून प्रार्थना करावयास शिकले. पण फळ गोड निघालें म्हणून किंमत पडलीच नव्हती असें म्हणूं नये.

वाद मिटला मात्र नाहीं. शोमरोनी लोकांनीं गरिज्जीम डोंगरावर आपलें मंदिर बांधलें. तें ख्रिस्तपूर्व ११० च्या सुमारास यहूदी शासक योहानान हिर्कानस ह्यानें उध्वस्त केलें. याकोबाच्या विहिरीवर प्रभु येशूशीं बोलणाऱ्या त्या स्त्रीनें विचारला तो हाच शंभर वर्षांहून जुना, भळभळणारा प्रश्न: ह्या डोंगरावर, कीं यरुशलेमेंत? विहिरीवरून मान वर केली कीं गरिज्जीम समोरच दिसतो. प्रभूनें दिलेलें उत्तर आपणां सर्वांस पाठ आहे. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमेचें दुसरें मंदिरहि नष्ट केलें. गरिज्जीमवर मात्र शोमरोनी लोक, आतां हजाराच्या आंत उरलेले, दरवर्षीं वल्हांडणास मेंढरें बळी देतात.

आणि आमच्याच मराठी मुलखांत? कुलाब्याच्या किनाऱ्यावर नवगांवाजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. ते मराठी बोलूं लागले, तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणूं लागले. त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर मुंबईस १७९६ सालीं झालें; तोंवर कित्येक शतकें घर हेंच त्यांचें प्रार्थनास्थान. तरी अलिबागजवळ खंडाळे गांवीं एक खडक आहे. कर्मेलवरची वेदी रचणारा तो एलिया येथें येऊन गेला व त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्यांच्या खुरांच्या खुणा खडकावर उमटल्या, असें ते श्रद्धेनें सांगतात. तेथें ते मलिदा करतात: गोड पोहे, ओलें खोबरें व फळें ताटांत मांडून, एलियाचें नांव घेऊन, आशीर्वाद म्हणावयाचा आणि मग सर्वांनीं वांटून खावयाचें. वेदी नाहीं, रक्त नाहीं, नियमाचा भंग नाहीं. पण आशीर्वाद होईपर्यंत घास घ्यावयाचा नाहीं, आणि खावयाचें तें मिळून. सूफ प्रांतांतील त्या मुलींना हें पाहून नवल वाटलें नसतें. समाजांतील बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्राएल देशीं गेलीं. खंडाळ्यास लोक अजून येतात.

आपण ख्रिस्ती लोकांनीं उंच जागेची ओढ सोडली आहे असें कोणीं म्हणूं नये. वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीचें जुनें चॅपेल १७३८ च्या सुमारास मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमींत नष्ट झालें, मूर्ति खालीं सेंट अँड्र्यूच्या देवळांत राहिली, आणि १७६१ सालीं ती पुनः टेकडीवर नेली. सध्यांची इमारत १९०४ ची. खालचें देऊळ प्रशस्त होतें. तरीहि लोकांना ती वरच हवी होती. सप्टेंबरच्या यात्रेंत सर्व धर्मांचीं माणसें मेणाचे हात-पाय घेऊन ती चढण चढतात. ह्या गर्दींत नवस कोठें संपतो व भक्ति कोठें सुरू होते हें ठरविणें होशेयालाहि कठीण गेलें असतें. आमच्या धर्मगुरूंना तें दरवर्षीं ठरवावें लागतें.

परंतु ख्रिस्तसभेनें डोंगर व राजधानी ह्यांचा तंटा सोडविला तो वेगळ्याच रीतीनें. मलाखी संदेष्ट्यानें भाकीत केलें होतें कीं उदयापासून अस्तापर्यंत प्रत्येक स्थळीं शुद्ध अर्पण होईल. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६२ सालीं तें मिस्सेच्या यज्ञाला लावून दाखविलें. यज्ञ एकच, म्हणून योशीयाचा आग्रह राहिला. प्रत्येक स्थळीं, म्हणून गांवाची पंगतहि परत मिळाली.

१८८७ सालीं विशाखापट्टणच्या धर्मप्रांतांतून नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हां मुलूख अफाट व देवळें थोडीं होतीं. सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांनीं येथें काम केलें त्या काळीं मिस्सेसाठीं वेदीचा अभिषिक्त दगड अवश्य असे. तो चपटा, पुस्तकाएवढा असे. त्यावर पांच क्रूस कोरलेले आणि पोटांत हुतात्म्यांचे अवशेष बंद केलेले असत. फिरतीवरचा मिशनरी तो दगड बरोबर बाळगी. दूरच्या वस्तींत एखाद्या झोंपडींत किंवा झाडाखालीं मेज मांडलें, त्यावर दगड ठेवला, वर तागाचें वस्त्र पसरलें, कीं रोममध्यें होतो तोच यज्ञ तेथें होई. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर ह्या दगडाची सक्ति उरली नाहीं. तरी जुन्या देवळांतून लांकडी वेदीच्या मध्यभागीं तो अजून बसविलेला आढळतो. वस्त्र थोडें बाजूस केलें तर चार कोंपऱ्यांचे चार व मधला एक असे पांच क्रूस बोटांना लागतात.